डोळे मिटले की तोल जातो: चाचणी कोणती, व्यायाम कोणता?

कण्हेर (प्रश्न)

माझ्या सासूबाई ६९ वर्षांच्या आहेत. त्या रोज अर्धा तास चालतात, भाजी स्वतः आणतात आणि दिवसाउजेडी कठड्याला हात न लावता जिना उतरतात. तरीही गेल्या दोन महिन्यांत त्या दोनदा पडता पडता वाचल्या. एकदा बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटलेले असताना, आणि एकदा रात्री वीज गेल्यावर देवघराकडे जाताना. भाच्याने मोबाइलवर पाहिलेली, एका पायावर दहा सेकंद उभे राहण्याची चाचणी त्यांच्याकडून करून घेतली. त्यांना आठच सेकंद जमले, आणि 'ज्याला दहा जमत नाहीत तो लवकर जातो' हे त्याचे वाक्य त्यांनी मनाला लावून घेतले आहे. या चाचणीला खरोखर किती अर्थ आहे, आणि त्यांनी वृक्षासन सुरू केले तर चालेल का? त्या शाकाहारी आहेत, मधुमेहासाठी नऊ वर्षे मेटफॉर्मिन घेतात, आणि गरगरल्यासारखे कधीच होत नाही असे ठामपणे सांगतात.

तोलमोल (फिजिओथेरपिस्ट)

कण्हेरताई, आधी भाच्याच्या वाक्याबद्दल. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वर्षे वयाच्या १७०२ जणांची ही चाचणी घेऊन त्यांच्याकडे सुमारे सात वर्षे लक्ष ठेवण्यात आले, आणि तो अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण पाचांपैकी एकाला दहा सेकंद जमले नव्हते, आणि त्या गटात मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले, इथवर ते खरे आहे. परंतु त्या गटात मधुमेह व इतर आजारही अधिक होते, आणि वय व आजार हिशेबात घेऊनही उरणारा संबंध हा संबंधच असतो, कारण नव्हे. त्यावरून एका व्यक्तीचे भविष्य सांगणे म्हणजे कुडमुडे ज्योतिष झाले.

मला आठ सेकंदांपेक्षा तुमचे बेसिन महत्त्वाचे वाटते. आपला तोल तीन ठिकाणांहून येणाऱ्या खबरीवर चालतो: डोळे, आतल्या कानातील अर्धवर्तुळाकार नलिका व त्यांच्याशेजारची संवेदनपटले, आणि तळपाय व सांध्यांतून मज्जारज्जूमार्गे मेंदूकडे जाणारी स्थितीची जाणीव. यांपैकी एक कमजोर झाले तर उरलेली दोन बरेच सांभाळून घेतात, म्हणून उजेडात सारे ठीक दिसते. डोळे मिटताच किंवा अंधारात तोल जात असेल, आणि गरगरत नसेल, तर संशय प्रथम पायांकडून येणाऱ्या खबरीवर जातो. रोम्बर्ग चाचणी नेमकी हीच तपासते. खोलीच्या कोपऱ्यात, भिंतींकडे पाठ करून, पावले जुळवून उभे राहायचे, आधी डोळे उघडे ठेवून आणि मग मिटून, प्रत्येक वेळी अर्धा मिनिट. समोर तुम्ही हात पुढे करून उभ्या राहा, कारण ज्यांचा तोल खरोखर जातो त्यांना सावरायला वेळ मिळत नाही. डोळे मिटल्यावर थोडे डुलणे सर्वांचेच होते. पाऊल टाकावे लागले तर मात्र ती नोंद करून ठेवा.

शाकाहार आणि दीर्घकाळ मेटफॉर्मिन ही जोडी बी-१२ कमी होण्याची ओळखीची वाट आहे. हिमोग्लोबिन चांगले असतानाही बी-१२च्या अभावाने मज्जारज्जूच्या मागच्या भागाला इजा होऊ शकते, आणि मधुमेह स्वतःही पायांच्या नसा बधिर करतो. डॉक्टरांना हे सांगून बी-१२ तपासून घ्या, आणि औषध मनाने बंद करू नका. वृक्षासन तूर्त सुरू करू नये.

जुना_मैदानवाला

मी शाळेत तीस वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले. वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण तपासणी होईपर्यंत खुर्चीत बसवून ठेवू नका, कारण न वापरलेला तोल आणखी बिघडतो. लंगडीत पोरे पडत-उठतच तोल शिकतात. या वयात ती मुभा नसल्याने पायरी अगदी लहान ठेवावी लागते. ओट्याला हात लावून सुरुवात करावी: प्रथम पावले जुळवून, मग एक पाऊल अर्धे पुढे, मग एकाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून. दहा सेकंद सहज जमले की ओट्यावर दोनच बोटे ठेवावीत. या प्रत्येक पायरीवर डोळे उघडेच असावेत. जोडीला खुर्चीवरून हात न टेकवता उठणे-बसणे करावे, कारण मांडीत बळ नसेल तर घसरलेले पाऊल सावरता येत नाही. आमच्याकडे समन्वयासाठी, दुसऱ्याने वरून सोडलेली फूटपट्टी पकडण्याचा खेळ असे. २० सेंटिमीटर घसरल्यावर पकडली म्हणजे साधारण ०.२ सेकंद लागला. तोही घेऊन बघा.

तोलमोल

व्यायामाचा क्रम उत्तम आहे. फूटपट्टीने मात्र नजर आणि हात यांचा वेग कळतो, पायांच्या जाणिवेबद्दल ती काहीच सांगत नाही, त्यामुळे इथे तिच्यावरून निष्कर्ष काढू नये. त्यापेक्षा खुर्चीवरून उठून तीन मीटर चालत जाऊन, वळून, परत येऊन बसायला किती वेळ लागतो तो मोजा. १२ सेकंद किंवा अधिक लागत असतील तर पडण्याचा धोका वाढलेला मानतात.

कण्हेर

दोघांचेही आभार. उठून चालून येण्याला ११ सेकंद लागले. पावले जुळवून, डोळे उघडे ठेवून त्या अर्धा मिनिट निवांत उभ्या राहिल्या; डोळे मिटताच सहाव्या सेकंदाला त्यांनी माझा हात धरला. डॉक्टरांनी कंप पावणारा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) घोट्याच्या हाडावर ठेवला, तेव्हा त्यांना कंप जाणवलाच नाही, जो मला लगेच जाणवला. बी-१२चा अहवाल परवा येईल. तोपर्यंत बेसिनजवळ स्टूल ठेवले आहे, देवघराच्या वाटेवर बॅटरीचा दिवा लावला आहे, आणि ओट्यापाशी टाचेला अंगठा लावून उभे राहणे डाळीच्या कुकरला शिट्टी येईपर्यंत चालते. शिट्टी कधी येईल याचा भरवसा नसल्याने दहा सेकंदांचे गणित मात्र त्यांनी सोडून दिले आहे.