सह्याद्रीसाठी हार्डटेल: तयार घ्यावी की भाग जमवून बांधावी?

मुरूमवाट

पुढे सस्पेन्शन आणि मागे ताठ चौकट अशी साधी हार्डटेल घ्यायला दुकानात गेलं, की आधी गिअर किती ते सांगतात, मग रंग दाखवतात. हेड अँगल, म्हणजे पुढच्या फोर्कचा जमिनीशी असलेला कोन, विचारला तर उत्तर मिळत नाही. माझं मत असं: सिंहगड, कात्रजचे डोंगर, मुळशीकडच्या पायवाटा अशा ठिकाणी खरंच चालवायचं असेल तर आधी फ्रेम निवडा आणि बाकीची सायकल तिच्याभोवती बांधा.

टायर झिजतात, चेन झिजते, ब्रेकचे पॅड तर एका पावसाळ्यात संपतात. हे सगळं बदलता येतं, फ्रेम तेवढी तशीच राहते. हेड ट्यूब, म्हणजे फोर्क बसतो ती पुढची नळी, जुन्या पद्धतीची, वरपासून खालपर्यंत बारीक असेल तर आजचा चांगला फोर्क तिच्यात बसत नाही, कारण त्याची नळी खाली जाड होत जाते. मागे १३५ मिमीचा क्विक रिलीज (खटक्याने सुटणारा जुना बारीक ॲक्सल) असेल तर पुढे चांगलं चाक शोधताना दमछाक होते. म्हणून बघायचं ते एवढंच: खाली रुंद होणारी हेड ट्यूब, मागे १४८ मिमीचा थ्रू-ॲक्सल (आरपार जाणारा जाड ॲक्सल), आट्यांचा बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या आसाचं बेअरिंग), ड्रॉपरची (बटणाने वर-खाली होणाऱ्या सीटपोस्टची) केबल आतून नेण्याची सोय, आणि यूडीएच हँगर.

हँगर ही डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) फ्रेमला जोडणारी बोटभर लांबीची पट्टी. दगडावर डिरेलर आपटला की आधी ती वाकते. पूर्वी जवळपास प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असायचा. २०१९ मध्ये श्रॅम या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीने सगळ्यांना चालेल असा एकच आकार आणला, तो यूडीएच. वेल्ह्याच्या पलीकडे डिरेलर आपटला तर दुकान शोधण्यापेक्षा पाठीवरच्या पिशवीत एक हँगर असलेला बरा, आणि तो कुठल्याही यूडीएच फ्रेमला चालतो.

भूमितीबद्दल: हेड अँगल ६५ अंशांच्या आसपास, सीट अँगल (सीटच्या नळीचा कोन) ७५ च्या वर, लांब रीच (पेडलच्या आसापासून हेड ट्यूबपर्यंतचं आडवं अंतर), ४० ते ५० मिमीचा स्टेम (हँडल धरणारा तुकडा), १२० किंवा १३० मिमी दबणारा फोर्क. पुढचं चाक शरीरापासून पुढे राहतं, त्यामुळे उतारावर धोंड्यात अडकलं तरी माणूस सहजासहजी हँडलवरून जात नाही. उताराचा आत्मविश्वास इथून येतो.

चिंचवडचा_घाटवेडा

धागा चांगला, पण मूळ मुद्दाच पटला नाही. फ्रेम, फोर्क, चाकं, ब्रेक, ड्राइव्हट्रेन (गिअर-चेनचा संच) हे सगळं किरकोळ भावाने घेतलं तर त्याच पैशात एक पायरी वरची तयार सायकल येते. कारखाना हजारो संच एकदम उचलतो, तो भाव आपल्याला कसा मिळणार? वर परदेशातून काही मागवलं तर शुल्क, कुरिअर आणि वाट बघणं. काही बिघडलं तर फ्रेमवाला फोर्कवाल्याकडे बोट दाखवतो. तयार सायकलीला एकच दुकान जबाबदार असतं.

दुसरं, तुम्ही उतार डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. सिंहगडाला जाणारा माणूस पुण्यातून डांबरी रस्त्याने पायथ्याशी पोचतो, मग सुमारे ६०० मीटरचा चढ चढतो. बहुतेक वेळ खोगिरावर बसून पेडल मारण्यात जातो. ६५ अंशांचा हेड अँगल तीव्र चढावर आणि कमी वेगात भरकटतो, पुढचं चाक हलकं होऊन डावं-उजवं पडत राहतं. ६७ अंश आणि १०० मिमीचा फोर्क या माणसासाठी जास्त शहाणपणाचा आहे.

मुरूमवाट

चाक पडतं, ते खरं आहे. पण दोन गोष्टी सुटल्या. एक म्हणजे सीट अँगल. जुन्या फ्रेममध्ये तो ७२-७३ असायचा, म्हणजे बसल्यावर वजन मागच्या चाकावर. तो ७५-७६ केला की चढावर माणूस पुढे सरकतो आणि पुढचं चाक जमिनीला धरून राहतं.

दुसरी हार्डटेलची खासियत. फुल सस्पेन्शनमध्ये बसल्यावर पुढचं-मागचं दोन्ही दबतं, कोन फारसे हलत नाहीत. हार्डटेलचा फक्त फोर्क दबतो. १३० मिमीच्या फोर्कला वीस टक्के सॅग (नुसतं बसल्यावर दबणं) दिला तर तो २६ मिमी खाली जातो, आणि साधारण २० मिमीला एक अंश या हिशोबाने ६५ चा कोन प्रत्यक्षात ६६ च्या पुढे जातो. कागदावरचा आकडा फुल सस्पेन्शनच्या आकड्याशी ताडून घाबरायचं कारण नाही.

शेफील्डहून

मी पुण्याचा, आता पीक डिस्ट्रिक्टच्या शेजारी राहतो. इथे स्टीलची लांब, उतरत्या कोनाची हार्डटेल हा नेहमीचा प्रकार आहे, कारण वर्षभर पाऊस आणि मागच्या सस्पेन्शनची बेअरिंगं चिखलात टिकत नाहीत. मुरूमवाट यांच्याशी बरंचसं सहमत, पण फोर्कवर एक बंधन हवं. हल्ली लोक हार्डटेलला १५० मिमीचा फोर्क लावतात. तो पूर्ण दबला की कोन एकदम उभे होतात, आणि मागचं चाक ताठच असल्यामुळे पुढच्या टोकाचा धीर मागे पोचत नाही. १३० च्या वर जाऊ नये असं माझं ठाम मत.

स्टील की ॲल्युमिनिअम, यावर मात्र लोक नको इतका वेळ घालवतात. स्टील हाडांना मऊ लागतं म्हणतात. २.४ इंची टायरमध्ये हवेचा दाब चार पीएसआय कमी-जास्त केला तर त्यापेक्षा मोठा फरक पडतो. स्टील घेणारच असाल तर कोकणच्या दमटपणाचा विचार करा: नळ्यांना आतून गंजरोधक तेल फवारून मगच बॉटम ब्रॅकेट बसवा, आणि सीट ट्यूबमध्ये शिरलेलं पाणी पावसाळी राइडनंतर सायकल उलटी करून काढा.

रानजाई

एक मुद्दा कोणीच काढला नाही, तो उंचीचा. माझी उंची १५५ सेंमी. दुकानातली तयार हार्डटेल बहुधा मध्यम आकारात असते, लहान मागितला तर "मागवावा लागेल". आली तरी ७८० मिमीचा हँडलबार, १७५ मिमीचे क्रँक (पेडलचे दांडे) आणि कॅसेटपर्यंत (मागच्या दातेरी चकत्यांपर्यंत) सगळं कोणा पावणेसहा फुटी माणसासाठी जुळवलेलं. लांब रीच म्हणजे प्रगती असं वर लिहिलंय, पण ४५० मिमीचा रीच मला हात ताणून चालवावा लागतो आणि मग उतारावर मागे सरकायला जागाच उरत नाही.

म्हणून मी बांधून घ्यायच्या बाजूची आहे, कारण मात्र वेगळं. मला ४१५ च्या आसपास रीच, १६५ चे क्रँक, ७२० ला कापलेला हँडलबार आणि लहान सीट ट्यूब लागते, नाहीतर ड्रॉपर पूर्ण आत जात नाही. हा संच तयार मिळत नाही. चाकांचं म्हणाल तर २९ इंच माझ्यासाठी मोठं होतं. २७.५ मध्ये फ्रेमवरून पाय सहज जमिनीला टेकतात, आणि उभ्या चढावर थांबावं लागलं की तेच कामाला येतं.

नाशिकचा_काटा

अँगल मोजा, हँगर मोजा, पण आमच्याकडची काळी माती कोणी मोजत नाही! अंजनेरीकडे जुलैत गेलात तर पहिल्याच शेतवाटेवर कळतं. माती टायरला चिकटते, मग मागच्या नळ्यांना जोडणाऱ्या ब्रिजला घासते, आणि अर्ध्या किलोमीटरमध्ये चाक फिरायचं बंद. काडीने उकरत बसावं लागतं. फ्रेम बघताना टायर आणि चेनस्टेच्या (चाकाशेजारच्या खालच्या नळीच्या) मधे बोट सहज जातं का, हे बघा. "२.६ बसतो" असं कागदावर लिहिलंय म्हणून २.६ घालू नका, २.४ घाला आणि उरलेली जागा चिखलाला ठेवा.

आणि बाभळीचे काटे. ट्यूब घालून चालवणाऱ्यांनी इथे पैजा लावू नयेत. ट्यूबलेस, चांगल्या जाड केसिंगचा मागचा टायर आणि सीलंट (भोक बुजवणारा द्रव) हेच खरं. काटा दिसला तर लगेच उपटायचा नाही, आधी चाक फिरवून काटा खाली आणायचा, मग काढायचा, म्हणजे सीलंट भोकावर जमतो. एप्रिल-मे मध्ये सीलंट टायरात सुकून रबरी गोळे होतात, त्यामुळे उन्हाळ्यात दोन महिन्यांनी वॉल्व्ह काढून काडी बुडवून बघत जा. एवढी गोष्ट केली तर निम्मे हाल वाचतात. फ्रेमवर खर्च करण्याआधी टायरवर करा, माझा प्रतिवाद एवढाच.

चिंचवडचा_घाटवेडा

नाशिकच्या दादांशी पूर्ण सहमत. त्यात एक भर: ब्रेक. बऱ्याच तयार सायकलींच्या रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) "फक्त रेझिन पॅड" असं कोरलेलं असतं, कोणी वाचत नाही. सिंहगडावरून डांबरी उताराने येताना रेझिन पॅड तापून चकाकतात आणि लिव्हर ओढली तरी पकड कमी वाटते. पुढे १८० मिमीचा, मेटल पॅड चालणारा रोटर घातला तर पहिला बदल झालाच. पण हा बदल तयार सायकलीवरही करता येतो, त्यासाठी सगळी सायकल बांधायची गरज नाही.

वाईकर

मुरूमवाट, एका कॉलेजच्या पोराचा विचार करा. जेमतेम पन्नास हजार आहेत, तेही घरच्यांना पटवून. तुम्ही सांगता ती फ्रेम आणि फोर्क घेऊन चाकांना पैसे उरणार नाहीत. तो काय भिंतीला टांगून ठेवणार? आणि बारा स्पीडचं गणितही तसंच. शिमानोचं १२ स्पीड म्हणजे मायक्रो स्प्लाइन प्रकारचा फ्रीहब (कॅसेट बसते तो हबचा भाग), म्हणजे हबही नवा. दहा स्पीडचं ११-४८ कॅसेट जुन्या एचजी फ्रीहबवर बसतं, पुढे ३० दातांची रिंग लावा. सगळ्यात हलका गिअर (पुढचे दात भागिले मागचे) ०.६३ च्या आसपास येतो, बारा स्पीडच्या ३२ आणि ५१ इतकाच. वाईहून पसरणीचा घाट चढायला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

मुरूमवाट

गिअरवर तुमचं सगळं मान्य, मीही पहिला पैसा गिअरमध्ये घालणार नाही. त्या मुलाला मी वापरलेली सायकल घ्यायला सांगेन, पण घेताना फ्रेमच बघायला सांगेन: हेड ट्यूब, मागचा ॲक्सल, बॉटम ब्रॅकेट. ती बरोबर असेल तर फोर्क पुढच्या वर्षी येईल, ड्रॉपर त्याच्या पुढच्या. चुकीची फ्रेम घेऊन तिला महाग फोर्क लावण्याचा रस्ता मात्र बंद असतो, आणि तयार सायकल घेणाऱ्यांत हेच सगळ्यात जास्त घडताना दिसतं.

रानजाई

एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. बाहेरून मागवलेले हायड्रॉलिक ब्रेक बहुतेक वेळा डावा-पुढे असे जोडून येतात. बांधून घेणाऱ्यांनी मेकॅनिकला आधीच सांगा, नाहीतर होज (तेलाची नळी) बदलून पुन्हा ब्लीड करावं (तेलातली हवा काढावी) लागतं. आणि रोज स्कूटर चालवणाऱ्याचा हात उतारावर सवयीने चुकीची लिव्हर ओढतो.

चिंचवडचा_घाटवेडा

ही सूचना कामाची. फ्रेमचं म्हणाल तर मी तिची तपासणी करायला तयार आहे, बांधायला नाही. ६६ अंश, १२० मिमीचा फोर्क, आट्यांचा बॉटम ब्रॅकेट असलेली तयार सायकल मिळत असेल तर मी तीच घेणार, आणि दुसऱ्या दिवशी टायर आणि पुढचा रोटर बदलणार. रानजाईंसारखं माप नेहमीच्या मापात बसत नसेल त्यांनी बांधावी. बाकीच्यांनी तेवढे पैसे दोन जास्तीचे टायर आणि एका सस्पेन्शन सर्व्हिससाठी ठेवावेत, कारण फोर्कचं तेल आणि सील वेळेवर बदलले नाहीत तर १३० काय नि १०० काय, दोन्ही सारखेच अडकत चालतात.