‘आजोळ’ ग्रुपवर ‘लुलू’

मी: आज २७ ऑक्टोबर. २०१३ साली याच दिवशी लू रीड गेला. सकाळी त्याने मेटॅलिका या मेटल बँडबरोबर केलेला २०११चा अल्बम ‘लुलू’ लावला. दोन्ही डिस्क, ८७ मिनिटं, एकही गाणं न गाळता.

धाकटा मामा: सुट्टी कशी वाया घालवावी हा ज्याचा त्याचा प्रश्न.

मी: तू पहिला येणार हे माहीत होतं.

आजी: कोण गेलं?

थोरला मामा: आई, आपल्या ओळखीचं कुणी नाही. अमेरिकेतला गायक होता.

आजी: वय काय

मी: ७१, आजी. यकृताचा आजार होता.

आजी: फार नाही

धाकटा मामा: माणसाबद्दल आपला राग नाही. १९६७चा तो केळीच्या चित्राचा, त्याच्या व्हेल्व्हेट अंडरग्राउंड बँडचा पहिला अल्बम माझ्याकडे अजून आहे. राग एवढाच की मेटॅलिकाला त्याने कामाला लावलं आणि हे चौघे लागले.

छोट्या: मी टेबल आहे

ताई: ??

छोट्या: ताई, तुला माहीत नाही? ‘द व्ह्यू’ गाण्यात मेटॅलिकाचा गायक जेम्स हेटफिल्ड जीव तोडून ओरडतो, मी टेबल आहे. २०११ मध्ये इंटरनेट महिनाभर त्यावरच चाललं होतं.

काका: मी खुर्ची आहे.

मावशी: अहो तुम्ही नका यात पडू.

काका: पडलोच आहे. खुर्चीच आहे.

धाकटा मामा: बघ भाचेबुवा. १४ वर्षांत लोकांना या अल्बमचं लक्षात काय राहिलं, तर फर्निचर.

मी: तो रीडचा दोष की ऐकणाऱ्यांचा? दीड तासाच्या कामातली एक ओळ उचलायची, चित्रावर चिकटवायची आणि पुढे ढकलायची. ज्यांनी ढकलली त्यांतल्या किती जणांनी दुसरी डिस्क लावली?

धाकटा मामा: मी नाही लावली. मी पहिल्या डिस्कच्या पुढे गेलेलोच नाही. आणि मला त्याची लाज वाटत नाही.

धाकटा मामा: 🎤 ऑडिओ (४:१२)

ताई: मामा, ऑडिओ नको रे. इकडे सगळे झोपलेत.

धाकटा मामा: एवढं सगळं टाइप नाही होणार.

ताई: ऐकलं. सगळ्यांसाठी थोडक्यात लिहिते. मामा म्हणतो, १९८६च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’पासून त्याने या बँडचं सगळं सोसलंय. १९९६ला ‘लोड’च्या वेळी केस कापून आले, सोसलं. २००० साली नॅपस्टरवर, म्हणजे फुकट गाणी वाटून घ्यायच्या सेवेवर, खटला भरून आपल्याच श्रोत्यांवर उलटले, सोसलं. २००३च्या ‘सेंट अँगर’मध्ये ड्रमर लार्सने स्नेअर ड्रम असा वाजवला की पत्र्याचा डबा बडवल्यासारखा आला, वर अख्ख्या अल्बममध्ये गिटारचा एक सोलो नाही, तेही सोसलं. कारण ते वाईट असलं तरी त्यांचं होतं. पोर नापास झालं तरी आपलंच. ‘लुलू’मध्ये मात्र ते दुसऱ्याच्या घरी जाऊन पाणी भरतात. पुढे काही शब्द आहेत, ते आजी ग्रुपवर असल्यामुळे गाळले.

आजी: ऐकू नाही आलं मला

मी: पाणी भरतात हे तर बरोबरच आहे! माझंही म्हणणं तेच आहे. मामा, कव्हरवर नाव बघ. आधी लू रीड, मग मेटॅलिका. शब्द सगळे त्याचे. हा लू रीडचा अल्बम आहे आणि साथीला जगातला सगळ्यात मोठा मेटल बँड बसलाय. तुम्ही मेटॅलिकाचा नवा अल्बम म्हणून विकत घेतलात आणि मग मेटॅलिका कुठे आहे म्हणून शोधत बसलात. मैफलीला जाऊन तबलजी गात का नाही असं विचारण्यासारखं आहे हे.

धाकटा मामा: तबलजी स्वतःच्या नावावर स्टेडियम भरत असेल तर विचारणारच लोक.

थोरला मामा: हा मुद्दा बरोबर वाटतो.

मी: थोरल्या मामा, तू ऐकलंयस का काही यातलं?

थोरला मामा: नाही. वाचतोय नुसता.

मावशी: मला कुणी सांगेल का, लुलू कोण?

काका: हे मी सांगतो, हे माझ्या बाजूचं आहे. फ्रांक वेडेकिंड नावाचा जर्मन नाटककार. त्याची दोन नाटकं, ‘अर्थ स्पिरिट’ १८९५चं आणि ‘पँडोराज बॉक्स’ १९०४चं. दोन्हींची नायिका लुलू. जो पुरुष भेटतो तो तिच्यात आपल्याला हवी ती बाई बघतो, नाव सुद्धा आपापलं वेगळं ठेवतो. एकेक जण संपत जातो, तीही खाली खाली घसरत जाते आणि शेवटी लंडनमध्ये जॅक द रिपरच्या हातून मरते. पाब्स्टने १९२९ साली त्यावर मूकपट केला. आल्बान बेर्गने ऑपेरा रचायला घेतला, तो पुरा व्हायच्या आत १९३५ला तोच गेला. रॉबर्ट विल्सनने २०११ला बर्लिनर आन्सांबलमध्ये, म्हणजे ब्रेख्तच्या कंपनीत, ही नाटकं केली. त्याची गाणी रीडने लिहिली होती.

मावशी: म्हणजे ही मुळात नाटकाची पदं?

काका: अगदी.

मावशी: आणि बाईच्या तोंडची गाणी ६९ वर्षांचा माणूस म्हणतोय?

मी: हो मावशी, बरीचशी. ज्यांना हे खटकतं त्यांचं म्हणणं मला कळतं.

मावशी: मला नाही खटकत. बालगंधर्वांच्या पदांवर वाढलेली माणसं आपण. पण बालगंधर्व गायचे रे.

धाकटा मामा: 👏👏 अक्के, एका वाक्यात निकाल लावलास. हा माणूस गात नाही. वर्तमानपत्र वाचतो.

मी: तो कधी गायचा? पहिल्यापासून तो बोलल्यासारखाच गातो. तेच तर त्याचं होतं.

धाकटा मामा: पूर्वी बोलायचा तेव्हा मागचा बँड त्याच्या बोलण्याच्या चालीने चालायचा. इथे दोघं आपापल्या वाटेने चाललेत. ‘मिस्ट्रेस ड्रेड’ ऐक. खाली तिघे-चौघे पूर्ण वेगात थ्रॅश, म्हणजे धडाधड मेटल, वाजवतायत, वर हा आपला संथ. आणि असं एक मिनिट नाही, सहा मिनिटं उलटून जातात तरी एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. याला प्रयोग म्हणतोस? प्रयोग म्हणजे दोन गोष्टी एकत्र आणल्यावर तिसरी काहीतरी झाली पाहिजे.

मी: ‘मिस्ट्रेस ड्रेड’ फसलंय. मान्य.

छोट्या: अरे!! स्क्रीनशॉट काढला

मी: काढ. फसलंय ते फसलंय. ‘पंपिंग ब्लड’चा अर्धा भागही मला जमत नाही. मी अख्खा अल्बम महान आहे असं म्हणतच नाहीये. पण मामा, तुझी व्याख्या घेऊन ‘आइस्ड हनी’ ऐक. साधं, तीन-चार सुरांत फिरणारं गाणं, रीडच्या जुन्या गाण्यांसारखं. फक्त पाठीमागे भिंतीएवढी गिटार. आणि हेटफिल्ड मागून येऊन त्याच्या ओळीला टेकू देतो. तिथे तिसरी गोष्ट झालीय.

धाकटा मामा: ते एक बरं आहे.

मी: हो ना?

धाकटा मामा: बरं म्हणालो. डोक्यावर घेऊन नाचू नकोस.

ताई: पण हे दोघं एकत्र आले कसे? कुठे हे, कुठे तो.

मी: ऑक्टोबर २००९. न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या पंचविशीचा मोठा कार्यक्रम होता. त्यात रीड मेटॅलिकाबरोबर त्याची दोन जुनी गाणी गायला आणि ते जमलं. तिथेच ठरलं, आपण काहीतरी करू. आधीचा बेत रीडची जुनी, मागे पडलेली गाणी नव्याने वाजवायची असा होता. रेकॉर्डिंग तोंडावर आलं आणि रीडने सांगितलं, ते राहू दे, माझ्याकडे लुलूची गाणी आहेत. २०११च्या एप्रिल ते जून, कॅलिफोर्नियात त्यांच्या स्वतःच्या स्टुडिओत झालं सगळं. बरंचसं एकत्र वाजवता वाजवता. ज्या बँडला एकेक अल्बम करायला वर्ष वर्ष लागायचं, एकेक ठोका शंभरदा तपासायची सवय, त्यांना हा म्हातारा सांगतोय की पहिलं वाजवलंत तेच चांगलं होतं, चला पुढे.

छोट्या: आणि लार्सला मारामारीचं आव्हान दिलं ते?

मी: हो, रीडने रस्त्यावर ये म्हणून आव्हान दिलं असं लार्सनेच नंतर सांगितलं.

थोरला मामा: ६९व्या वर्षी?

मी: ६९व्या वर्षी.

थोरला मामा: माणूस आवडला.

धाकटा मामा: दादा तू मध्ये मध्ये चोंबडेपणा करू नकोस. मूळ मुद्दा असा आहे की धाडस केलं म्हणून गोष्ट चांगली होत नाही. हल्ली फॅशनच झालीय. अल्बम पडला की दहा वर्षांनी कुणीतरी उठतो आणि म्हणतो, काळाच्या पुढे होता. अरे सगळेच पडलेले अल्बम काळाच्या पुढे कसे असतील? काही नुसतेच पडलेले असतात.

काका: हे नाटकांनाही लागू आहे. 😄

मी: गायक डेव्हिड बोवीने रीडच्या बायकोला, लॉरी अँडरसनला, सांगितलं होतं की हे रीडचं सर्वांत मोठं काम आहे, लोकांना कळायला वेळ लागेल. तिने हे २०१५ला जाहीर भाषणात सांगितलं.

धाकटा मामा: बोवी म्हणाला म्हणून माझे कान बदलायचे?

मी: नाही. पण बोवीच्या कानांना जे ऐकू आलं ते काय असेल याचं कुतूहल तरी वाटावं.

धाकटा मामा: रीडला सवयच होती. १९७५ला ‘मेटल मशीन म्युझिक’ काढला, तासभर नुसता गिटारचा फीडबॅक. लोक दुकानात परत करायला गेले. तो स्वतःच म्हणायचा की त्या अल्बमनंतर माझे चाहते पळाले, आता उरलंय कोण. ज्याला गमावायला चाहतेच नाहीत त्याने जुगार खेळणं सोपं आहे. माझ्या बँडला होते.

मी: हे मात्र खरं बोललास.

मामी: मी बोलू का? यांच्याबरोबर संसार माझा आहे म्हणून हक्काने बोलते.

छोट्या: मामी 🔥

मामी: तो अल्बम आला तेव्हा हे घरात लावून बसले होते. मला मेटॅलिका काय, रीड काय, काही माहीत नाही. मला वाटलं कुणीतरी म्हातारा माणूस रागाने काहीतरी आठवतोय आणि शेजारी काम चालू आहे. आवडलं नाही, पण राग बिग काही आला नाही. राग फक्त यांना आला. आठवडाभर चिडचिड. तेव्हाच मी म्हटलं होतं, यांना गाणी आवडली नाहीत म्हणून नाही, यांना न विचारता काढली म्हणून राग आलाय.

ताई: मामी 🙏

काका: खुर्ची उठून उभी राहिली.

धाकटा मामा: घरचा भेदी.

धाकटा मामा: ऐक आता. तुम्ही सगळे तेव्हा लहान होतात. ३० ऑक्टोबर २०११, बंगळूर, पॅलेस ग्राउंड्स. दोन दिवस आधी गुरगावचा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झालेला. आमचा होतो की नाही याच धाकधुकीत गेलो. आणि ते आले. ज्या बँडला पंचवीस वर्षं कॅसेटवर ऐकला तो समोर. घसा गेला, दोन दिवस आवाज नव्हता. त्या रात्री त्यांनी ‘लुलू’मधलं एक अक्षर वाजवलं नाही. आणि युरोपात तो अल्बम दुसऱ्याच दिवशी दुकानात आला. परत येऊन लावला आणि हे निघालं. तू शांतपणे दहा वर्षांनी ऐकलास रे. मी त्या घशाने ऐकला.

मी: हे तू कधी सांगितलं नव्हतंस.

धाकटा मामा: विचारलं कुठे कुणी.

मी: मामा, मग फक्त एक. ‘ज्युनिअर डॅड’. दुसऱ्या डिस्कचं शेवटचं.

धाकटा मामा: साडेएकोणीस मिनिटं. नाव काढू नकोस.

मी: थोरल्या मामा, तुला पाठवतो. तुझं मत कोरं आहे. हे बापाबद्दल आहे, बापाशी नातं धड नसलेल्या म्हाताऱ्या मुलाबद्दल. स्टुडिओत रीडने हे ऐकवलं तेव्हा मेटॅलिकाचा गिटारवाला कर्क हॅमेट याचे वडील नुकतेच, काही आठवड्यांपूर्वी गेले होते. तो रडत बाहेर पळाला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. मागोमाग हेटफिल्ड आला, तोही रडत. रीड तिथे आला आणि दोघांना बघून हसला म्हणे, की चांगलं लिहिलंय ना?

मावशी: अरे देवा.

थोरला मामा: पाठव. चालायला निघतोय, कानात लावतो.

ताई: थोरला मामा मेटॅलिका ऐकतोय. तारीख लिहून ठेवा.

छोट्या: लू रीड आणि मेटॅलिका. आधी रीड. 😌

मी: ❤️

आजी: छोट्या जेवलास का

छोट्या: हो आजी

थोरला मामा: सुरुवात चांगली आहे. हळू आहे. मला वाटलं आरडाओरडा असेल.

थोरला मामा: इंग्रजी सगळं कळत नाही पण बुडणाऱ्याला हात दे असं काहीतरी म्हणतोय का?

मी: हो. तेच.

थोरला मामा: अच्छा.

(यानंतर आठ-नऊ मिनिटं ग्रुपवर काहीच नाही. मावशीने एक सुविचार टाकला आणि लगेच काढून घेतला.)

थोरला मामा: अरे हे बिघडलं वाटतं. गाणं थांबलंय आणि नुसता व्हायोलिनसारखा एकच आवाज चालू आहे. फोन अडकलाय का?

ताई: नेट गेलं असेल.

छोट्या: मामा बंद करून परत लाव.

धाकटा मामा: अडकलं नाहीये दादा. ते तसंच आहे. तो आता परत बोलणार नाही, वाट बघू नकोस. अजून सातेक मिनिटं असंच चालेल. मधेच बंद करू नकोस फक्त.