मदत हवी आहे: चेनसॉ वर्षातून आठ-दहा दिवसच चालतो, गड्यांच्या पायात काय असावं?

रत्नागिरीजवळ उतारावरची आंबा-काजूची बाग. पावसाळ्याआधी सुक्या फांद्या उतरवायच्या आणि वादळात आडवी झालेली झाडं तोडायची, एवढ्यापुरताच चेनसॉ बाहेर निघतो. तीन गडी आलटून पालटून चालवतात. सध्या त्यांच्या पायात पोलादी टोपीचे साधे सेफ्टी शूज आहेत, आयएस 15298 या भारतीय मानकाच्या छापाचे. चेनसॉचे खास बूट बरेच महाग पडतात. शूजवर गेटर्स, म्हणजे चेनपासून वाचवणारी वेगळी आवरणं, बांधून भागेल का? चेनचा पिच (कड्यांमधलं अंतर) 0.325 इंच, स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) 7 दातांचं.

प्रतिसाद १
शूजची टोपी 200 ज्यूलचा आघात सोसते, म्हणजे बोटांवर ओंडका पडला तर उपयोगी. पण काप संपला की मशीन आपल्या वजनाने खाली झुकतं आणि चेन पुढे ठेवलेल्या डाव्या पायाकडे येते. टोपीच्या मागे, नाड्या आणि जिभेपाशी, तुमच्या शूजमध्ये नुसतं चामडं आहे. चेन ते क्षणात कापते. साधे गमबूटही तसेच.

गेटर्सना एचएसई या ब्रिटनच्या कामगार-सुरक्षा संस्थेच्या मार्गदर्शनात मुभा आहे, पण दोन अटींवर: वापर क्वचित हवा आणि जमीन सपाट हवी, अडखळायचा किंवा काही अडकायचा धोका नसलेली. शिवाय आत पोलादी टोपीचे बूट हवेतच. पहिली अट तुम्ही पाळता, दुसरी नाही. उतारावर, सुटे चिरे आणि तोडलेल्या फांद्यांत गेटरचा तळव्याखालचा पट्टा काटकीत अडकतो. तुम्ही बूटच घ्या.

प्रतिसाद २
बुटावर ढालीत चेनसॉचं चित्र आणि ईएन आयएसओ 17249 हा चेनसॉच्या बुटांच्या मानकाचा आकडा पाहा. वर्ग 1 म्हणजे चाचणीत चेनचा वेग सेकंदाला 20 मीटर, वर्ग 2 म्हणजे 24, वर्ग 3 म्हणजे 28. तुमच्या मशीनचा हिशेब: 0.325 इंच म्हणजे 8.255 मिमी, आणि दर दाताला चेन दोन पिच सरकते. म्हणून 7 दात × 2 × 8.255 मिमी, एका फेरीत साधारण 11.6 सेंमी चेन सरकते. मिनिटाला 10,000 फेऱ्यांना वेग 19 मीटर, 12,500 ला 24. मशीनच्या पुस्तिकेत कमाल फेऱ्या बघा. 12,000 च्या आसपास असतील तर वर्ग 1 अपुरा, वर्ग 2 घ्या. वर्ग कुठलाही असो, पूर्ण हमी कोणताच बूट देत नाही.

धागाकर्ता
तिघांत एकच जोड चालेल? मापं 7, 8 आणि 9 आहेत.

प्रतिसाद १
नाही. सैल बुटात टाच उचलली जाते आणि उतारावर पाय घसरतो, तेही हातात चालू मशीन असताना. तीन जोड परवडत नसतील तर दोघांनाच बूट द्या आणि मशीन त्या दोघांच्याच हाती ठेवा. मापं घेताना जाड मोजे घालूनच बघा. चेनसॉची पॅंट बुटावरून खाली सोडा, आत खोचू नका. नाहीतर भुसा आत जातो.

प्रतिसाद २
बूट चुलीपाशी वाळवू नका, सावलीत वाळवा. चेनचं तेल लागलं तर लगेच पुसा. चेन लागून आतले तंतू बाहेर आले तर बूट बाद. मोच्याकडून शिवून घेऊ नका. चेन आत शिरली की ते तंतू मोकळे ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये गुंततात आणि मशीन अडतं. टाक्यांनी जखडलेले तंतू ओढलेच जात नाहीत.