एमएसडब्ल्यूला प्रवेश मिळालाय, पण फिल्डवर्कबद्दल काही शंका आहेत

कोरी_वही विचारते:

नमस्कार. माझी पदवी वाणिज्य शाखेची, नोकरी हिशेब विभागातली. सुट्टीच्या दिवशी एका वस्तीत मुलांची अभ्यासिका चालवायला मदत करते, त्यातूनच एमएसडब्ल्यूचं, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचं, डोक्यात आलं. आता दोन ठिकाणी प्रवेश मिळतोय आणि निवड मलाच करायची आहे.

पहिल्या ठिकाणची विषयांची यादी वाचून छाती दडपते: समुपदेशन, सामाजिक धोरण, संशोधनपद्धती, मानसिक आरोग्य, सगळं आहे. फिल्डवर्कबद्दल, म्हणजे संस्थेत जाऊन करायच्या प्रत्यक्ष कामाबद्दल, मात्र एकच ओळ, 'आठवड्यातून दोन दिवस'. दुसऱ्या ठिकाणची यादी साधी आहे, पण फिल्डवर्कची वेगळी जाड पुस्तिका दिली आहे. तिच्यात प्रत्येक भेटीनंतर 'प्रोसेस रेकॉर्डिंग' (भेटीत काय घडलं, कोण काय बोललं याची सविस्तर नोंद) लिहायचं, दर आठवड्याला पर्यवेक्षकांसोबत 'आयसी' (एकट्याने करायची चर्चा), पंधरवड्याला 'जीसी' (गटाने करायची चर्चा), असं बरंच काही. खरं सांगायचं तर वाचूनच दमले. इतकं लिहायचं तर काम कधी करायचं?

दुसरी शंका जरा खासगी आहे. मला रडू पटकन येतं. अभ्यासिकेतली एक मुलगी लहान भावाला सांभाळायचं म्हणून यायची बंद झाली. तिच्या घरी गेले आणि तिच्या आईसमोर माझाच आवाज फुटेना. अशा माणसानं या वाटेला जावं का?

शिवाय अभ्यासिकेच्या अनुभवाबद्दल फिल्डवर्कमध्ये थोडी सूट मिळते का, हेही कुणी सांगितलं तर बरं.

---

सरळवाट:

रोखठोक सांगतो, राग मानू नका. मी संस्थेत काम करतो, माझ्याकडे डिग्री नाही. आमच्याकडे एमएसडब्ल्यू झालेली मुलं येतात, त्यांना अर्ज भरता येत नाही, पण 'एम्पॉवरमेंट' या शब्दावर अर्धा तास बोलता येतं. तुमचं काम चालूच आहे ना? तेच वाढवा. दोन वर्षं वह्या भरण्यापेक्षा दोन वर्षांत अख्खी वस्ती ओळखीची होईल.

---

पेन्सिलवाली:

मी बरीच वर्षं फिल्डवर्कची पर्यवेक्षक आहे, त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकलेलं असणार हे धरून वाचा.

सरळवाट, तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. डिग्री नसलेली, पण माणूस ओळखण्यात भल्याभल्यांना मागे टाकणारी कार्यकर्ती मंडळी मीही पाहते. पण त्यांच्यातल्या चांगल्यांना विचारा. बहुतेकांना सुरुवातीच्या काळात कुणीतरी भेटलेलं असतं, ज्याला संध्याकाळी विचारता यायचं, 'आज मी तिला असं म्हटलं, बरोबर होतं का?' असं माणूस भेटणं नशिबाचा भाग. अभ्यासक्रमात ते वेळापत्रकात लिहिलेलं असतं, निदान असायला हवं. ही मागणीही जुनी आहे. अमेरिकेतल्या धर्मादाय संस्थेत काम करणाऱ्या मेरी रिचमंड यांनी १८९७ साली टोरंटोच्या परिषदेत सांगितलं की धर्मादाय काम करणाऱ्यांना नुसत्या सदिच्छेवर सोडू नका, त्यांच्यासाठी प्रशिक्षणाची शाळा काढा. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग सुरू झाला. आज कोलंबिया विद्यापीठात समाजकार्याचं जे महाविद्यालय आहे, त्याची सुरुवात ती.

कोरी_वही, आता तुम्हाला दमवणाऱ्या लिखाणाबद्दल.

नवी विद्यार्थिनी पहिल्या गृहभेटीनंतर हमखास असं लिहून आणते: 'आई निष्काळजी आहे. सहकार्य करत नाही.' मी 'निष्काळजी'भोवती पेन्सिलीनं गोल काढते आणि विचारते, तुला दिसलं काय? आधी ती चिडते. मग एकेक बाहेर येतं. आई दारातच उभी राहून बोलली, आत बोलावलं नाही. कोनाड्यात मुलाच्या औषधाची बाटली होती, संपायला हवी होती ती अर्धी भरलेली. बोलताना आईनं दोनदा घड्याळ पाहिलं. बरं, या तीन गोष्टींतून निष्काळजी आई दिसू शकते. कामावर जायला उशीर होतोय अशी बाईही दिसू शकते. आत कुणीतरी आहे, ज्याच्यासमोर तिला बोलायचं नाही, अशीही दिसू शकते. औषधाचं प्रमाणच तिला कुणी नीट सांगितलेलं नसेल. यातलं खरं काय ते पुढच्या भेटीत विचारायचं, आणि ती भेट कुठल्या वेळी, कुठे ठेवायची हे या निरीक्षणांवरून ठरवायचं. 'आई निष्काळजी आहे' या वाक्यावरून पुढचं काहीच ठरवता येत नव्हतं.

आणि लिहिलेलं मागे राहतं. तुम्ही नोकरी बदलाल, फाईल तिथेच राहील. पुढे मुलाचा ताबा कुणाकडे असावा असा प्रश्न निघाला, तर तुम्हाला कधीही न भेटलेला माणूस तो एक शब्द वाचणार. म्हणून प्रोसेस रेकॉर्डिंगमध्ये रकाने असतात: ती काय म्हणाली, मी काय म्हणाले, त्या वेळी माझ्या मनात काय चाललं होतं, आणि शेवटचा पर्यवेक्षकाच्या शेऱ्यासाठी. तिसरा रकाना विद्यार्थी कोरा ठेवतात किंवा 'वाईट वाटलं' एवढ्यावर भागवतात. माझी निम्मी आयसी त्या एका रकान्यावर खर्च होते. नोकरीत इतकं सविस्तर कुणी लिहीत नाही, मीही लिहीत नाही. शिकताना मात्र सगळं लिहायचं, कारण गृहभेटीत तुमच्या शेजारी मी नसते. माझ्या हातात असतो फक्त तुमचा कागद.

तुमच्या रडण्याचंही याच रकान्यात बघता येतं. समाजकार्याचे अमेरिकी प्राध्यापक फेलिक्स बीस्टेक यांनी १९५७ मध्ये कार्यकर्ता आणि मदत घेणारी व्यक्ती यांच्या नात्याची सात तत्त्वं मांडली, ती जवळजवळ प्रत्येक अभ्यासक्रमात शिकवतात. त्यातलं एक म्हणजे भावनिक सहभाग, पण नियंत्रित. सहभाग नको असं ते म्हणत नाहीत. माझी कसोटी साधी आहे: भेट संपताना कोण कुणाची समजूत घालत होतं? त्या आईलाच तुम्हाला 'बसा, पाणी घ्या' म्हणावं लागलं असेल, तर तिच्या मुलीचा विषय तिथेच मागे पडला. तुमचे डोळे भरले, पण तुम्ही तिचं पुढचं वाक्य ऐकलंत आणि लहान भावाची दुपारची सोय कुठे होईल हे विचारलंत, तर माझी काही हरकत नाही. मला जास्त काळजी वाटते ती कधीच काही न वाटणाऱ्यांची. त्यांच्या नोंदी फार स्वच्छ असतात.

अनुभवाची सूट मागू नका. अमेरिकेत या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या परिषदेचा नियमच आहे की आधीच्या नोकरीच्या किंवा जगण्याच्या अनुभवाबद्दल श्रेयांक द्यायचे नाहीत. तिथे एमएसडब्ल्यूला फिल्डवर्क किमान ९०० तास. इंग्लंडमध्ये २०० दिवस, त्यात ३० दिवस कौशल्यांचे आणि १७० दिवस प्रत्यक्ष कामाचे. सूट मिळालीच, तर तुमचं काम कुणीतरी बारकाईनं पाहण्याचे तेवढे तास गेले, एवढाच तिचा अर्थ.

आता निवड. दोन्हीकडे फोन करा आणि विषय सोडून हे विचारा: एका पर्यवेक्षकाकडे किती विद्यार्थी? आयसी खरोखर दर आठवड्याला होते की कागदावर? लिहिलेलं वाचून परत किती दिवसांत मिळतं? दुसऱ्या वर्षी संस्था बदलते का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, संस्थेनं विद्यार्थ्याला नुसतं झेरॉक्स काढायला आणि कार्यक्रमाच्या खुर्च्या मांडायला लावलं, तर कॉलेज काय करतं? या शेवटच्या प्रश्नावर पलीकडचा माणूस घुटमळला, तर समजून घ्या.

---

वॉर्ड_चार:

मी रुग्णालयात समाजकार्यकर्ता आहे. पेन्सिलवाली यांचं पटलं, पण एक तक्रार आहे. आयसीत मनाचं इतकं चालतं की विद्यार्थ्यांना बाहेरचं दिसेनासं होतं. रुग्ण औषध घेत नाही म्हणून माझ्याकडे पाठवतात. अनेकदा त्याच्या मनात काहीही गुंता नसतो. दवाखान्याची वेळ आणि त्याच्या कामाची पाळी एकच असते. तिथे समुपदेशन करत बसलो तर तो नोकरी घालवेल. तिथे ओपीडीची वेळ बदलून घ्यावी लागते, आणि ती बदलायला आकडे लागतात, निवेदन लागतं, कुठला अधिकारी कशावर सही करतो ते माहीत असावं लागतं. समाजकार्य या व्यवसायाची २०१४ ची जागतिक व्याख्याही समाजातला बदल आणि सामाजिक न्याय यांच्यापासूनच बोलते. तेव्हा संशोधन आणि धोरण हे पेपर 'पास होण्यापुरते' करू नका.

कोरी_वही, तुमची वाणिज्य शाखा इथे हुकमी पान आहे. संस्थेचा ताळेबंद वाचता येणारा समाजकार्यकर्ता सहसा मिळत नाही. निधी कुठे अडकला हे तुम्हाला कागद पाहून कळेल, बाकीच्यांना भाषणं ऐकून.

जाता जाता: अब्राहम फ्लेक्सनर, ज्यांनी अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांची झाडाझडती घेतली, त्यांनीच १९१५ मध्ये समाजकार्याच्या परिषदेत सांगितलं होतं की हा अजून पूर्ण व्यवसाय नाही, समाजकार्यकर्ता हा मुख्यतः इतर व्यावसायिकांना जोडून देणारा मध्यस्थ. माझ्या वॉर्डातल्या डॉक्टरांपर्यंत त्यानंतरची बातमी अजून पोचलेली नाही.

---

सरळवाट:

ओपीडीच्या वेळेचं आवडलं. आमच्याकडे आलेल्या मुलांना हे कुणी शिकवलं असतं तर मी इतका कडू झालो नसतो. तो घुटमळण्याचा प्रश्नही चांगला आहे. खुर्च्या मांडायला लावणाऱ्यांत आमची संस्थाही येते.

---

कोरी_वही:

सगळ्यांचे आभार. दोन्हीकडे फोन केला. पहिल्या ठिकाणी उत्तर मिळालं, 'प्रवेश घ्या, मग फिल्डवर्कचं बघू.' दुसरीकडे ज्या बाई बोलल्या त्यांनी मलाच उलट विचारलं की मी आधी कुठे काम केलंय, कारण त्या ओळखीच्या ठिकाणी पाठवत नाहीत. खुर्च्यांच्या प्रश्नावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, मागच्या वर्षी एका संस्थेतून विद्यार्थी मध्येच काढून घेतले होते. म्हणजे मला माझी अभ्यासिका फिल्डवर्क म्हणून मिळणार नाही, याचं जरा वाईट वाटतंय. आणि नोकरी चालू ठेवून हे जमेल का?

---

पेन्सिलवाली:

दुसरं ठिकाण घ्या. ओळखीच्या जागी पाठवत नाहीत ते बरोबरच आहे. तिथे तुम्ही सगळ्यांच्या ताई आहात, तिथे तुम्हाला 'नाही' म्हणायला कुणी धजणार नाही. शिकायला अशी जागा हवी जिथे लोक दार लावून घेऊ शकतात.

नोकरीचं म्हणाल तर पूर्ण वेळेच्या अभ्यासक्रमाबरोबर जमत नाही. फिल्डवर्कचे दिवस कामाच्याच दिवसांत येतात, कारण संस्था आणि सरकारी कार्यालयं तेव्हाच उघडी असतात, आणि लिहायला रात्र लागते. हिशेबाचं सुटं काम सुट्टीच्या दिवशी करणारे विद्यार्थी पाहिलेत, ते तरतात. अभ्यासिका मात्र पहिलं सत्र दुसऱ्या कुणाकडे सोपवा. ती मुलगी परत यायला लागली का, तेवढं त्यांना विचारत राहा.

आणि त्या बाईंना सांगा की नावं खोडलेलं एखादं जुनं रेकॉर्डिंग वाचायला द्या, शेऱ्यांसकट. शेऱ्यांचा रकाना भरलेला असेल तर फी भरून टाका.