घोरत नाही, स्लीप टेस्ट नॉर्मल, तरी झोप तुटते आणि अंग ठणकतं, काय करू?

सईची_आई:
नमस्कार मंडळी. वय ४६, वजन ५२ किलो, हे आधीच सांगते कारण सगळे पहिलं तेच विचारतात. तीन वर्षं झाली, मान, खांदे, कंबर सतत दुखतंय, सकाळी उठते तेव्हा अंग असं आंबलेलं असतं की रात्रभर कोणी बडवलंय, भाकऱ्या थापताना तिसऱ्या भाकरीला हात उचलत नाही, मग लेक येऊन गॅस बंद करते. थायरॉईड, बी१२, हिमोग्लोबिन सगळं ठीक. शेवटी फायब्रोमायल्जिया (अंगभर सतत दुखण्याचा आजार) म्हणाले, त्यावर प्रिगाबालिनची गोळी चालू आहे, थोडा फरक आहे. रात्री दहाला पडते, बारापर्यंत नुसती कूस बदलत, मग अडीचला टक्क जाग, तोंड कोरडं, छातीत धडधड. घोरत नाही, ह्यांचं म्हणणं श्वास जरा जोरात चालतो एवढंच. घरी मशीन आणून टेस्ट केली, एएचआय, म्हणजे तासाला किती वेळा श्वास अडतो तो आकडा, ४ आला, पाचच्या खाली म्हणजे नॉर्मल, म्हणून झोपेची गोळी दिली. गोळीने झोप लागते पण सकाळी अजूनच मेल्यासारखं होतं. कोणाला असा अनुभव आहे का?

पहाटवारा:
ताई, अगदी माझीच गोष्ट वाचतेय असं वाटलं. एक करा, रिपोर्टवर रेकॉर्डिंग टाइम किती लिहिलाय ते बघून सांगा, आणि एकूण इव्हेंट, म्हणजे श्वास अडण्याच्या वेळा, किती.

सईची_आई:
साडेसात तास, इव्हेंट ३०.

पहाटवारा:
हेच मला वाटलं होतं. घरच्या बऱ्याच मशीनला डोक्याच्या वायरी नसतात, म्हणून तुम्ही झोपलाय की जाग्या आहात हे त्यांना नेमकं कळत नाही, ते ३० भागिले साडेसात करून ४ देतात. पण तुम्ही त्यातले साडेतीन तास जाग्याच असाल तर ३० भागिले चार, म्हणजे साडेसात आला की नाही? ज्याला निद्रानाश आहे त्याचा आकडा असा आपोआप कमी दिसतो आणि तो घरी पाठवला जातो, ह्याचा मला फार राग येतो. दुसरं म्हणजे श्वास पूर्ण थांबत नाही, ऑक्सिजनही पडत नाही, पण घसा अरुंद होऊन श्वास ओढायला जोर लागतो आणि मेंदू तीन-चार सेकंद जागा होतो, ह्याला रेरा म्हणतात, तो एएचआयमध्ये धरतच नाहीत. स्टॅनफर्डच्या गिलमिनो ह्यांनी १९९३ मध्ये ह्या प्रकाराला नाव दिलं, अपर एअरवे रेझिस्टन्स सिंड्रोम. सडपातळ बायकांमध्येही असतो, घोरणं नसलं तरी. मी लॅबमध्ये रात्रभर पॉलिसोम्नोग्राफी (डोक्याला वायरी लावून झोपेची तपासणी) केली तेव्हा एएचआय ६ पण रेरा धरून २२!! सीपॅप, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन, लावायला लागून दीड वर्ष झालं. पहिले दोन महिने मास्क काढून फेकावासा वाटायचा, नाकावर वळ उठायचे, पण चौथ्या महिन्यात एका सकाळी जिना चढून वर आले आणि लक्षात आलं की मध्ये थांबले नाही. दुखणं पूर्ण गेलं नाहीये, निम्मं झालंय.

फिजिओ_सांगली:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, डॉक्टर नाही. १९७५ मध्ये टोरांटोला मोल्डोफ्स्की ह्यांनी धडधाकट तरुणांची गाढ झोप आवाज करून मोडली, जागं पूर्ण करायचं नाही, फक्त गाढ झोपेतून वर आणायचं, तर काही रात्रींतच त्यांचं अंग दुखायला लागलं, दाबलं की कळ यायला लागली, आणि नीट झोपू दिल्यावर ते गेलं. म्हणजे दुखण्यामुळे झोप तुटते हे खरंच, पण तुटक झोपेने दुखणं वाढतं हेही तितकंच खरं. मात्र प्रत्येक फायब्रोच्या मागे श्वासच असतो असं नाही, म्हणून प्रिगाबालिन मनाने बंद करू नका, एकदम सोडलं तर त्रास होतो. फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) बघा, हिमोग्लोबिन ठीक असून ते कमी असू शकतं आणि मग रात्री पाय वळवळतात.

रातकिडा:
गोळी कुठली आहे ते स्लीपवाल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, काही गोळ्यांनी घशाचे स्नायू सैल पडतात. आणि श्वासाचा इलाज झाला म्हणून निद्रानाश जाईलच असं नाही, मला दोन्ही होतं, सीपॅप लावून मी छताकडे बघत पडायचो. मग सीबीटी-आय (निद्रानाशासाठी झोपेच्या सवयी आणि विचार बदलायची थेरपी) केलं, सहा आठवडे, झोप येत नसेल तर गादीवरून उठायचं आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी सहालाच उठायचं. सुरुवातीला दिवसा इतकी झोप यायची की मी गाडी चालवणंच बंद ठेवलं होतं, पण धरून ठेवलं.

सईची_आई:
डोळ्यात पाणी आलं वाचून, तीन वर्षांत पहिल्यांदा कोणी म्हटलं की हे मनाचे खेळ नाहीत. लॅबची तारीख घेतलीय, पुढचा गुरुवार. तयारी काय करून जाऊ?

पहाटवारा:
नेहमीच्या गोळ्यांचं आधी विचारून घ्या. दुपारी झोपू नका, दुपारनंतर चहा नको, स्वतःची उशी न्या. आणि केस धुऊन जा, तेल अजिबात नको, माझ्या वायरी तेलामुळे दोनदा निघाल्या आणि टेक्निशियन ताई रात्री दीडला परत चिकटवत बसल्या होत्या.