प्रति: फरशीवर एक वजन, सतरंजीवर दुसरंच
सतरंजीवर दोन किलो कमी दाखवतो म्हणून वजनकाटा बदलू नका. बहुतेक डिजिटल काट्यांच्या चारही पायांत लोडसेल (भार मोजणारे सेन्सर) असतात. मऊ जागी भार नीट पोचत नाही. सपाट फरशीच हवी.

नवा घेतलातच तर आधी स्वतःचं वजन करा, मग पाच किलोची सीलबंद आट्याची पिशवी हातात घेऊन. फरक पाचाच्या जवळपास यायला हवा. लागोपाठ तोच आकडा आला म्हणून भुलू नका, काही काटे मागचं वजन लक्षात ठेवून तेच पुन्हा दाखवतात (लबाड!). चरबीची टक्केवारी दाखवणाऱ्यासाठी जास्त पैसे मी तरी देणार नाही. तळपायातून सूक्ष्म वीजप्रवाह सोडून बांधलेला तो अंदाज, शरीरातलं पाणी कमीजास्त झालं की बदलतो. वजन सकाळी, चहाआधी करा आणि आठवड्याची सरासरी बघा.