राजीनामा म्हणजे शिक्षा नव्हे
लाचखोर स्थानिक पदाधिकाऱ्याने राजीनामा दिला की त्याला पुरेशी शिक्षा झाली, हे अनेकदा मांडले जाणारे मत मला मुळीच पटत नाही, कारण खात्यांतर्गत चौकशी अनेकदा पदावरच्या माणसापुरतीच चालते आणि तो बाहेर पडताच फाईल बंद होते. अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या बाल्टिमोर काउंटीचे (जिल्ह्यासारख्या स्थानिक विभागाचे) प्रमुख असल्यापासून कंत्राटदारांकडून पैसे घेतल्याचा आरोप असलेल्या स्पायरो ॲग्न्यू यांच्याकडे रोकडीचे लिफाफे थेट कार्यालयात पोहोचत असत. तरीही १९७३ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपद सोडून आणि करचुकवेगिरीच्या एकाच आरोपाला आव्हान न देता त्यांनी १०,००० डॉलर दंडावर तुरुंग टाळला. हा उघड सौदाच होता. पुढे मेरीलँडच्या काही करदात्यांनी दिवाणी दावा चिकाटीने लावून धरला, तेव्हा कुठे १९८३ मध्ये त्यांना सुमारे २,६८,००० डॉलर राज्याच्या तिजोरीत भरावे लागले.